उघडलेली बिळं

मी चौतीस वर्षं कृषी खात्यात नोकरी केली आणि जवळजवळ दर हंगामात शेतकऱ्यांना उंदीर मारायला शिकवलं. ९६ भाग भरडलेलं धान्य, २ भाग गोडेतेल, २ भाग झिंक फॉस्फाईड, हाताने नाही, काठीने कालवायचं. हे प्रमाण मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये लीड्सला मुलाच्या घरी पोचलो, बूट काढून बैठकीत गेलो आणि चार फुटी काचेच्या टाकीत एक उंदीर मागच्या पायांवर उभा राहून माझ्याकडे टकामका बघतोय असं दिसलं, तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं ते इथे लिहीत नाही.

"आजोबा, हा उंदीर नाहीये. हा जर्बिल आहे. बिस्किट," नात म्हणाली. ओवी दहा वर्षांची आहे.

जर्बिल मला माहीत होता. आमच्या कोरडवाहू भागात, ज्वारीच्या रानात, बांधाच्या कडेला बिळं करून राहतो तो भारतीय जर्बिल. शास्त्रीय नाव टाटेरा इंडिका. मोठे डोळे, लांब शेपटी, टोकाला केसांचा झुपका, आणि पळताना अशा उड्या घेतो की हिंदीत त्याला हिरना मूसा म्हणतात. खात्याच्या प्रशिक्षणात त्याची ओळख आम्हाला दोन कारणांसाठी करून दिलेली होती. एक, पिकाची नासाडी. दुसरं, रानात प्लेगचा जंतू टिकवून धरणाऱ्या प्राण्यांत त्याचा नंबर वरचा लागतो. हे दुसरं कारण आम्हाला पुस्तकातच राहील असं वाटलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, मी तेव्हा उमरगा तालुक्यात होतो. पडलेल्या घरांत धान्य तसंच राहिलं, उंदीर माजले. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. त्या वर्षी आम्ही किती गावं फिरलो याचा हिशेब नाही. मेलेले उंदीर शेपटीला धरून मोजायचे, वहीत आकडा लिहायचा.

हे सगळं मी ओवीला सांगितलं नाही. सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, हे तीन पिढ्यांपासून... तीन कुठल्या, शंभर पिढ्यांपासून पिंजऱ्यात जन्मलेले आहेत."

ते खरंच निघालं. घरात दिवसभर मी एकटा, मुलगा-सून कामावर, ओवी शाळेत, बाहेर एप्रिलमध्येही आमच्या डिसेंबरसारखी थंडी. मग वाचत बसलो. पाळतात तो मंगोलियन जर्बिल. १८६६ मध्ये आर्मां दाव्हिद नावाच्या फ्रेंच मिशनऱ्याने उत्तर चीनमधून त्याचे नमुने पॅरिसला पाठवले. १९३५ मध्ये आमूर नदीच्या खोऱ्यात वीस जोड्या पकडून जपानला नेल्या. त्यांच्याच वंशातल्या अकरा जोड्या १९५४ मध्ये अमेरिकेत गेल्या, प्रयोगशाळांसाठी. तिथून दहा वर्षांनी इंग्लंडात. म्हणजे आज जगभरातल्या मुलांच्या खोल्यांतून जे जर्बिल माती उकरतायत ते बहुतेक सगळे त्या मूठभर जोड्यांचे. बियाण्याच्या भाषेत सांगायचं तर पाया फारच अरुंद. कदाचित म्हणूनच यांच्यातल्या बऱ्याच जणांना झटके येतात. दचकले की आकडी येते, मिनिटभरात उठून परत खायला लागतात. बिस्किटाला मी दोनदा तसं पाहिलं. पहिल्यांदा माझंच धाबं दणाणलं.

खरं दुखणं वेगळं होतं. बिस्किटाचा भाऊ मफिन मी यायच्या तीन आठवडे आधी मेला होता. आजारी वगैरे काही नाही, एका सकाळी घरट्यातून बाहेरच आला नाही. तेव्हापासून बिस्किट खोदायचा थांबला होता. जर्बिल खोदत नाही म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. टाकीत फूटभर उंच कागदाचा भुसा आणि वाळलेलं गवत भरलेलं, आत बोगदे होते, पण ते जुने, ढासळत चाललेले. शेतात आम्ही एक साधी गोष्ट करायचो. संध्याकाळी सगळी बिळं पायाने बुजवायची, दुसऱ्या सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. औषध फक्त तिथेच. मी सवयीने बिस्किटाच्या बोगद्यांची तोंडं बोटाने बुजवून ठेवली. पाच तोंडं होती. सकाळी एकही उघडलेलं नव्हतं. बिस्किट कोपऱ्यात वरच बसून होता.

हा प्राणी एकटा राहूच शकत नाही असं नाही, पण कुटुंबात राहणाऱ्या जातीचा आहे. हॅम्स्टर वेगळा, त्याला दुसरा हॅम्स्टर चालत नाही. जर्बिलला जोडीदार लागतो. मुलाचं म्हणणं, दुसरा आणू नये. "हा दोन वर्षांचा आहे, हे तीन-चार वर्षं जगतात. नवा आणला की हा आधी जाणार, मग तो एकटा. परत नवा. हे संपणार कधी?" बरोबरच होतं त्याचं. सुनेचं म्हणणं, बघवत नाही. ओवीचं म्हणणं सांगायला नको. मी पाहुणा, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेला, माझं मत कुणी विचारलं नाही. पण जेवताना मी बोललो की एक बैल मेला म्हणून दुसऱ्याला कुणी दावणीला एकटा बांधून ठेवत नाही. मुलगा हसला आणि म्हणाला, "मग अण्णा, तुम्हीच करा सगळं. मला वेळ नाही."

आधी बिस्किटाशी ओळख करून घ्यायची होती. ओवीने पहिला नियम सांगितला, शेपटीला हात लावायचा नाही. शेपटीचं कातडं निघून हातात येतं, आतलं हाड उघडं पडतं, ते परत कधीच भरून येत नाही. मी माझ्या बोटांकडे बघत राहिलो.

ओळख करायची पद्धत मला येत होती, फक्त ती दुसऱ्या कामासाठी वापरलेली होती. नवीन आमिष उंदीर लगेच खात नाही. म्हणून दोन-तीन दिवस बिनविषारी धान्य ठेवायचं, त्याची भीड चेपू द्यायची, मग औषध. खात्यात याला प्री-बेटिंग म्हणायचो. घाई केली, उंदीर थोडंसं खाऊन आजारी पडून वाचला, तर तो त्या आमिषाला कायमचा बुजतो. इथे मी तेच केलं, शेवटची पायरी सोडून. रोज सकाळी साडेनऊला तळहातावर भोपळ्याच्या दोन बिया घेऊन हात टाकीत ठेवायचा आणि हलायचं नाही. सूर्यफुलाच्या बिया त्यांना फार आवडतात, पण चरबी जास्त, म्हणून त्या मोजूनच. पहिले दोन दिवस तो मागच्या पायांनी जमिनीवर ठोके देत राहिला, टप-टप, टप-टप, धोक्याची सूचना. चौथ्या दिवशी बी उचलून पळाला. सातव्या दिवशी हातावर बसून खाल्ली. साठ-सत्तर ग्रॅमचा जीव, वजन जाणवतही नाही, फक्त पंजांचा गारवा.

मग शोध. शेजारच्या शॉपिंग सेंटरमधल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात जर्बिल होते, पण एकटा द्यायला तयार नाहीत. एका ठिकाणी वाढलेले दोन एकत्रच विकतात, आणि ते योग्यच आहे, फक्त माझ्या उपयोगाचं नव्हतं. प्राणी दत्तक देणाऱ्या संस्थेकडे मुलाने फोन केला, तिथे ससे आणि गिनीपिग भरपूर, जर्बिल दोनच, तीन वर्षांच्या बहिणी. मादी चालणार नव्हती. चोवीस-सव्वीस दिवसांत पिल्लं, आणि व्यायल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते. उंदरांचं गणित मी आयुष्यभर तक्ते लावून समजावलं होतं, ते घरात बघायची हौस नव्हती.

दुसऱ्या एका दुकानात एकटा नर आहे असं सांगितलं. बसने पाऊण तास. पोराने खोक्यातून काढून दाखवला, काळाभोर, चपळ. मी म्हटलं, उलटा कर जरा. चष्मा पुसून बघितलं. नराची दोन द्वारं एकमेकांपासून लांब असतात, मादीची अगदी जवळ, आणि नराला शेपटीच्या मुळाशी फुगवटा दिसतो. इथे फुगवटा नव्हता. "ही मादी आहे," मी म्हटलं. तो म्हणाला, चिठ्ठीवर नर लिहिलंय. चिठ्ठी मीही वाचली होती. नोकरीत असताना किती चिठ्ठ्यांवर काय काय लिहिलेलं वाचलं आहे. परत आलो.

मधल्या काळात सॅन होजेला असलेल्या भाच्याशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, मामा, आमच्याकडे तर जर्बिल पाळणं बेकायदा आहे. मला थट्टा वाटली. पण खरं आहे, कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी आहे. हवा कोरडी, एखादी जोडी सुटली तर रानात तग धरेल आणि पिकं खाईल ही भीती. ओवीला हे ऐकून फार राग आला. मला मात्र तो कायदा करणाऱ्यांशी चहा घ्यायला आवडेल. शेताची बाजू धरून कुणीतरी आधी विचार केला होता.

शेवटी सुनेच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीतून एका बाईंचा पत्ता मिळाला. वेदरबीच्या पलीकडच्या एका खेड्यात राहतात, परसातल्या लाकडी खोलीत जर्बिल वाढवतात. मे महिन्याच्या रविवारी सगळेच गेलो. खोलीत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही की वास नव्हता. तीसेक टाक्या, दीडशे तरी जीव, आणि घाण वास नाही. वाळवंटाच्या काठचा प्राणी, लघवी थेंबभर. रंग केवढे, मातकट, काळे, सोनेरी, राखाडी, जायफळासारखे. मी आपला किमतीची घासाघीस करायच्या तयारीने गेलेलो, तर बाईंनी पैशाचा विषयच काढला नाही. भुसा किती खोल आहे? चाक किती इंचाचं, त्याला गज आहेत की सपाट आहे? गजांत शेपटी अडकते. आंघोळीला वाळू देता की पावडर? पावडर फुप्फुसात जाते. जुना किती वर्षांचा, भाऊ कधी गेला, त्यानंतर टाकी पूर्ण धुतली का? मुलगा माझ्याकडे बघायला लागला. सगळी उत्तरं मीच दिली, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, आकडे मात्र बिनचूक.

त्यांनी नऊ आठवड्यांचा एक नर काढला. मातकट, पोट पांढरं, कान फाटल्यासारखा एका बाजूला दुमडलेला. दोन मोठे नर एकत्र आणले तर बहुतेक वेळा जीव घेतात, पिल्लाला म्हातारा सामावून घेण्याची शक्यता जास्त, असं त्या म्हणाल्या. गाडीत ओवी नाव शोधत होती. वॅफल, क्रंपेट, सगळी बेकरी झाली. मी म्हटलं, हा खोंड आहे. तिला तो शब्द फार आवडला. "खोन्ड" म्हणते ती, ड जरा इंग्रजी.

आता खरं काम. दोन अनोळखी जर्बिल सरळ एकत्र ठेवले तर रक्तपात ठरलेला. त्यांचं जग वासाचं आहे. पोटावर एक ग्रंथी असते, ती घासत घासत आपली हद्द आखतात. ज्याला घरचा वास नाही तो शत्रू. म्हणून एका लहान टाकीत मधोमध जाळी लावायची, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि दिवसातून दोन-तीनदा जागा बदलायच्या. म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या वासात झोपावं लागतं. आठ-दहा दिवसांत तुझा-माझा वास उरत नाही. आमच्याकडे नवा बैल आणला की त्याला जुन्याच्या शेजारी, शिंग पोचणार नाही इतक्या अंतरावर बांधतात, वैरण बदलून टाकतात, मग काही दिवसांनी एका जूवाखाली. तीच युक्ती.

जाळी मी बनवली. बारीक भोकांची लोखंडी जाळी दुकानातून आणली, एक थर पुरत नाही, नाक घालून चावतात, म्हणून दोन थर, मध्ये बोटभर फट, चौकटीला लाकडी पट्ट्या. सुनेने पाहिलं आणि म्हणाली, "अण्णा, तुम्ही घरातलं कपाटाचं दार दुरुस्त करा असं मी महिनाभर सांगतेय."

पहिले तीन दिवस बिस्किट जाळीपाशी फुगून उभा, खोंड कोपऱ्यात. चौथ्या दिवशी बिस्किटाने खोंडाच्या अर्ध्या भागात गेल्यावर त्याचं गवत तोंडात भरून स्वतःचं घरटं केलं. मला ते फार आवडलं. सहाव्या दिवशी दोघं जाळीच्या दोन बाजूंना पाठ टेकून झोपलेले दिसले.

इथे मी चुकलो. बाई म्हणाल्या होत्या, किमान आठ दिवस, आणि घाई वाटली तर आणखी दोन. मला वाटलं, पाठीला पाठ लावून झोपलेत, अजून काय हवं? आणि शनिवार होता, ओवी घरी होती, तिला बघायचं होतं. म्हणजे खरं तर मलाच तिला दाखवायचं होतं. जाळी काढली. दोन मिनिटं हुंगाहुंगी. मग बिस्किटाने मान खाली घातली, कडेकडेने सरकला, आणि दोघं एकाच क्षणी एकमेकांत अडकून चेंडूसारखे गोल फिरायला लागले. आवाज नाही, काही नाही, नुसता तो फिरणारा चेंडू. हातमोजे शेजारी ठेवले होते ते घालायला वेळ झाला नाही. हात घातला. तर्जनीला दात आरपार. खोंड शेपटीच्या वर चावला गेला होता, रक्त आलं, जखम मोठी नव्हती. माझी मोठी होती. ओवी जिन्यावर जाऊन बसली.

मुलगा काही बोलला नाही. बोट धुवून पट्टी बांधून देताना एवढंच म्हणाला, "प्री-बेटिंग, अण्णा." लहानपणी माझ्याबरोबर गावोगाव फिरलेला आहे तो.

पुन्हा जाळी. बिस्किट आता बुजलेला, माझ्या हातावर यायचा थांबला. पुन्हा बिया, पुन्हा साडेनऊ. खोंडाची जखम रोज दुरून बघायची, ती चार दिवसांत सुकली. जागा बदलायच्या वेळा मी भिंतीवर कागद लावून लिहायला लागलो, सकाळ, दुपार, रात्र. खात्यातली सवय. अकरा दिवस केलं. बारावा दिवस बुधवार होता आणि मुद्दामच बुधवार निवडला, घरात कुणी नको म्हणून. भुसा अगदी पातळ ठेवला, चाक काढलं, घरकुल काढलं, म्हणजे मालकी सांगावी असं काहीच उरलं नाही. जाड हातमोजे आधीच घातले, हाताशी एक स्टीलचं पातेलं, वेळ आली तर एकावर पालथं घालायला. जाळी वर उचलली.

बिस्किट सरळ खोंडाकडे गेला, नाकाला नाक लावलं, मग त्याच्या मानेवर पाय ठेवला. खोंड खाली दबला आणि डोळे अर्धवट मिटून पडून राहिला. बिस्किटाने त्याचा दुमडलेला कान चाटायला सुरुवात केली. मी हातमोजे घालून तसाच दीड तास बसलो, चहा गार झाला. नंतर थोडी पाठलाग-पळापळ झाली, उभं राहून पंजांची झटापट झाली, पण चेंडू झाला नाही. दुपारी दोनच्या सुमाराला दोघं एकावर एक झोपले. खालचा कोण आणि वरचा कोण ते रंगावरून कळत नव्हतं. ओवी शाळेतून आली तेव्हा मी ओठावर बोट ठेवून तिला दाखवलं. तिने दप्तर दारातच सोडलं.

पंधरा दिवस छोट्या टाकीत ठेवले. भुसा दर दोन दिवसांनी थोडा वाढवत गेलो. एकदम मोठी जागा दिली की दोघं दोन टोकं वाटून घेतात आणि भांडण परत सुरू होतं. मग चार फुटी टाकी. त्या रात्री मी पुन्हा बोगद्यांची तोंडं बुजवली. सकाळी सहा उघडलेली होती. पाच बुजवली होती.

उन्हाळाभर माझं काम तेवढंच राहिलं. आठवड्यातून एकदा पुठ्ठ्याची नळकांडी द्यायची, दहा मिनिटांत त्यांचा चुरा. वाळूचं भांडं चाळून द्यायचं. बिस्किटाच्या पोटावरची ग्रंथी दर रविवारी बघायची, म्हाताऱ्या नरांना तिथे गाठ येते. कपाटाचं दार शेवटी जुलैत दुरुस्त केलं.

ऑक्टोबरात परत आलो. धाकटा भाऊ शेत बघतो, रब्बीची ज्वारी पेरलेली होती, बांधाला बिळं झाली होती. "दादा, तू आलास ते बरं झालं," तो म्हणाला. संध्याकाळी दोघांनी मिळून बिळं बुजवली. सकाळी तेरा उघडलेली निघाली. तीन दिवस साधं आमिष टाकलं, चौथ्या दिवशी औषधाचं. ९६, २, २. काठीने कालवलं. तेराही बिळांत टाकलं आणि ओल्या मातीने तोंडं बंद केली.

त्या रात्री ओवीचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन काचेला लावून धरला होता. बिस्किट झोपलेला, खोंड त्याच्या अंगावरून गवत ओढत होता. "आजोबा, तुम्ही आज काय केलं?"

"शेतात होतो," मी म्हटलं.